गाढवांच्या टापा भुसभुशीत व्हायल्यात, हे पसरतं का? (गंगाखेड भाग)

गंगाखेडजवळ वीटभट्टीवर मामांची गाढवं आहेत. भट्टी सुरू झाली तशी त्यातली तीन लंगडायलीत.

एकाची पुढची टाप समोरून फाकलीय. मामांनी चाकूच्या टोकानं कोरलं तर भिंत आणि तळ जिथं जुळतात त्या पांढऱ्या रेघेवर पोकळी निघाली, आत राखाडी भुसा. वरून ठोकलं की पोकळ आवाज येतो. दुसऱ्याच्या तळाशी मधल्या मऊ त्रिकोणी भागाच्या खाचेत काळी चिकट घाण आहे, वास असा की नाक धरावं. तिसरी गाभण गाढवी, ती तर कालपासून चालायलाच तयार नाही.

भट्टीवर बोभाटा झालाय की खुरकूत आलं. शेजारचा शेळीवाला आमच्याकडून जाईना, मालक म्हणायलेत जनावरं हलवा. पण तोंडात फोड नाहीत, लाळ गळत नाही. दिवसभर गाऱ्यात, रात्री भट्टीमागं मुताच्या चिखलात, अशी त्यांची राहणी. नालबंद जवळपास उरला नाही, माळेगावच्या यात्रेत भेटला तर टापा कापायच्या.

हे जंतूनं होतं का बुरशीनं? एकाचं दुसऱ्याला लागतं का? कुणी जळकं ऑइल ओता म्हणतंय, कुणी डाग द्या. मला दोन्ही पटेना.

प्रतिसाद १
दादा, लाळ्या-खुरकूत दुभंगलेल्या खुरांच्या जनावरांचा रोग : गाय, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर. गाढव-घोड्याची टाप अखंड, त्यांना तो होत नाही. शेळीवाल्याला बिनधास्त सांगा. हां, त्याच्याच शेळ्यांना खुरकूत असेल तर गाढवाच्या पायाला चिकटलेल्या चिखलातून ते दुसऱ्या गोठ्यात जाऊ शकतं, तेवढं सांभाळा.

पहिल्याची पांढरी रेघ आधी सुटते, टाप वाढून फाकल्यामुळं किंवा सतत ओलीनं. मग मातीतले जंतू आणि बुरशी दोन्ही आत शिरून टाप पोखरतात. जनावराकडून जनावराला लागत नाही, सगळी एकाच चिखलात उभी म्हणून साथ वाटते. वरून औषध ओतून आत पोचत नाही. पोकळ झालेली भिंत कापून हवा लागू द्यावी लागते, आणि ते जाणत्याचंच काम.

काळी घाण म्हणजे हवा न लागणाऱ्या शेणामुतात वाढणाऱ्या जंतूंचं काम. खाच रोज कोरून, धुऊन, कोरडी करा. मोरचुदाचं पातळ पाणी चालतं, पण उघड्या मांसाला लावू नका. जळकं ऑइल आणि डाग, दोन्ही नकोच. टापेला जखम असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन डॉक्टरांना विचारून घ्याच, ही जात त्याला फार लवकर बळी पडते.

गाढव दुखणं लपवतं. ते उघड लंगडतंय म्हणजे दुखणं बरंच वाढलंय. गाढवीच्या एकाच टापेत ऊब आहे का दोन्ही पुढच्या टापा गरम?

मूळ लेखक
दोन्ही. आणि मागच्या पायांवर भार टाकून उभी राहते. परवा लग्नाच्या पंगतीतलं उरलेलं सगळ्यांनी घातलं होतं, भात, बुंदी, पोळ्या. गाभण आहे, वेदनेची गोळी मेडिकलमधून आणून देऊ का?

प्रतिसाद १
नका देऊ. हे त्या भात-बुंदीमुळं पोटातून टापेत उतरलेलं दुखणं दिसतंय, दोन्ही टापा गरम म्हणजे आत पू नसावा. तिला चालवू नका, वाळूच्या जाड थरावर उभी करा, धान्य आणि गोडधोड बंद, कडबा-वाळलं गवत चालू. पण उपाशी ठेवू नका. गाभण गाढवीनं खाणं सोडलं तर रक्तात चरबी चढून ती दगावते, टापेच्या आधी. आजच १९६२ या जनावरांच्या दवाखान्याच्या नंबरावर फोन लावून डॉक्टरांचं फिरतं पथक बोलवा. ते आले नाहीत तर परभणीचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तुम्हाला जवळ आहे, टेम्पोत खाली वाळू टाकून न्या.