मुंबईतल्या आरेच्या जंगलात कुत्रा फिरवताना (सोसायटी ग्रुपवरची चर्चा)

बी-३०४: सकाळी आरेत फिरायला जाणाऱ्या सगळ्यांसाठी. आपण जातो त्या पायवाटेलगतच्या माळावर टिटवीने अंडी घातली आहेत. घरटं म्हणजे जमिनीतला साधा खळगा, अंडी मातीच्याच रंगाची. आज दोन कुत्रे तिथे मोकळे धावत होते आणि टिटव्यांची जोडी वर घिरट्या घालत ओरडत होती. पावसाळ्यापर्यंत तरी कुत्रा पट्ट्यानेच न्या आणि वाट सोडू नका, ही कळकळीची विनंती.

सी-७०१: काकू, ब्रूनो कुणाला काही करत नाही हो. नुसता धावतो. तेवढंच बिचाऱ्याला मोकळं मिळतं.

बी-३०४: अरे, ब्रूनो गुणी आहे, मला माहीत आहे. पण तो जवळ आला तरी टिटवी अंड्यांवरून उठते. या उन्हात ती पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि अंडी गार ठेवते. ती लांब राहील तितका वेळ अंडी तापतात, आणि कावळे टपलेले असतातच. पिल्लं बाहेर आल्यावर तर जास्तच जपावं लागतं. धोका दिसला की ती जमिनीला चिकटून निपचित बसतात. कुत्र्याचा पाय पडला तरी आपल्याला कळणार नाही.

ए-१०२: रातवा हा रात्री फिरणारा पक्षीही जमिनीवरच अंडी घालतो.

डी-५०५: आपल्या कुत्र्यांच्या जिवाचाही विचार करा. इथले बिबटे कुत्री मारून खातात. अंधारात कुत्रा झुडपात शिरला तर परत येईलच असं नाही. नीट उजाडल्यावर निघा, संध्याकाळी दिवेलागणीच्या आत परत या. लहान मुलं सोबत असतील तर हात सोडू नका.

सी-७०१: हे पटलं दादा. आरेत नको तर मग नॅशनल पार्कात नेऊ का?

डी-५०५: तिथे पाळीव प्राणी नेऊच देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. २०१८ साली गीरमध्ये २० हून जास्त सिंह दगावले, त्यांच्यात डिस्टेंपरचा विषाणू सापडला होता. हा कुत्र्यांचा आजार, बिबट्यांनाही होतो. आपल्यापैकी कुणाच्या कुत्र्याची लस राहिली असेल तर या आठवड्यातच डॉक्टरांकडे न्या. आरेत नेणाऱ्यांनी तर नक्कीच.

ए-६०३: सगळं कुत्रेवाल्यांनाच का? रविवारी स्पीकर लावून जाणारे आणि माकडांना वेफर्स देणारे आपल्याच बिल्डिंगमधले आहेत.

बी-३०४: त्यांनाही तितक्याच कळकळीने सांगते. गाणी घरी ऐका, माकडांना काही देऊ नका. आणि कुत्र्याची शी पिशवीत भरून ती पिशवी झुडपाला अडकवून येणं बंद करा. उचललीत ना, मग गेटवरच्या डब्यापर्यंत आणा. पाड्यावरच्या लोकांनी आपली घाण का काढायची?

सी-७०१: ठीक आहे. पण मोठा कुत्रा आहे, त्याने धावायचं कुठे?

सेक्रेटरी: मागचं कुंपणाचं मैदान सकाळी ६ ते ७ कुत्र्यांसाठी ठेवू. किल्ली वॉचमनकडे असेल. मुलांची क्रिकेटची वेळ ७ नंतर. कमिटीतल्या सगळ्यांशी बोललो आहे, कुणाची हरकत नाही.

सी-७०१: धन्यवाद काका, उद्यापासून तिथेच नेतो. काकू, घरट्याचं लोकेशन टाकता का, म्हणजे तेवढी जागा टाळता येईल.

बी-३०४: लोकेशन आणि फोटो ग्रुपवर नको रे. फॉरवर्ड झालं की रविवारी कॅमेरे घेऊन लोक तिथे उभे राहतील. तू वाटेवरून चाल, तेवढं पुरे.