गावातल्या बुढ्या माणसांच्या मुलाखती: घ्याव्या का, आणि घेतल्यावर त्या कोणाच्या?

नदीपल्याड (धागा सुरू करणारा)

चिमूर तालुक्यातल्या आमच्या गावात वाचनालयाच्या पोरांनी ठरवलंय की दिवाळीनंतर म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती रेकॉर्ड करायच्या. ग्रामसभेत विषय निघाला तेव्हा दोन आक्षेप आले. एक, बुढ्यांच्या गप्पा म्हणजे इतिहास नाही. दोन, जुनं उकरलं की नवी भांडणं लागतात. तिथं नीट बोलणं झालं नाही, म्हणून इथं मांडतो. विरोधात असाल तर अवश्य लिहा.

माझं म्हणणं: हे केलंच पाहिजे, आणि याच हिवाळ्यात. १६ ऑगस्ट १९४२ ला, नागपंचमीच्या दिवशी चिमूर पेटलं, तेव्हा दहा वर्षांचं असलेलं पोर आज नव्वदी ओलांडून गेलंय. मालगुजारी १९५१ साली गेली. मालगुजाराच्या वाड्यावर सालदारकी केलेला माणूस शोधायला गेलात तर आता त्याचा मुलगाच भेटतो.

आमच्या मामा तलावाचंच घ्या, म्हणजे माजी मालगुजारी तलावाचं. त्याचं क्षेत्र, त्याखालचं ओलीत, सगळं सरकारदरबारी लिहिलेलं आहे. पण पाऊस कमी झाला त्या वर्षी कोणाच्या बांधीत आधी पाणी सोडायचं, कोणाच्या शेवटी, हे कोण ठरवत होतं, ते मला कुठल्या कागदात सापडलं नाही. गावातल्या एका आबाजीला ते पाठ आहे. तो पाळीवर उभा राहून काठीनं दाखवतो: इथून पाट फुटे, इथं मोहाचं झाड होतं, त्याच्या बुडाशी पाणी वाटणारा माणूस रात्रभर बसून राहे, कारण रात्रीच पाणी चोरीला जाई. पाट बुजला, झाड तोडलं. त्याच्यानंतर ती जागा कोणाला दाखवता येणार नाही.

सातबारा

मी विरोधात आहे आणि कारण सांगतो. तीस वर्षं महसुलाच्या कागदांत घालवली आहेत. आपल्याकडे, म्हणजे जुन्या मध्य प्रांतातल्या जिल्ह्यांत, गावाचे हक्क लिहून ठेवलेले आहेत. निस्तार पत्रक आहे, वाजिब-उल-अर्ज आहे. सरपण कुठून आणायचं, गुरं कुठं चारायची, मसणवटा कोणता, तलावातल्या पाण्यावर कोणाचा काय हक्क, बरंच काही त्यात मिळतं. गावातल्या किती पोरांनी तहसिलीत जाऊन आपल्या गावाचं निस्तार पत्रक पाहिलंय? आधी ते वाचा.

आठवणीचा भरवसा धरू नका. आमच्याकडे एकाच पुराची तीन सालं तीन म्हातारे सांगतात, आणि तिघंही छातीवर हात ठेवून सांगतात. प्रत्येकाच्या आज्यानंच तलाव बांधलेला असतो. बरं, साल चुकलं तर नुकसान नाही. पण उद्या कोणी रेकॉर्डिंगमध्ये म्हणालं की अमक्याचा धुरा, म्हणजे शेताची हद्द, आधी चिंचेपर्यंत होता, मग? धुऱ्यावरून लोक एकमेकांच्या जिवावर उठतात. ती फाइल मोबाइलवर फिरली की दोन भाऊ कोर्टात उभे राहतील, आणि बोलणारा आबाजी साक्षीला हयात नसेल.

नदीपल्याड

निस्तार पत्रक वाचायलाच हवं, यात वाद नाही. पण ते तयार करताना साहेबानं विचारलं कोणाला? पाटलाला, मालगुजाराच्या माणसाला, पंचांना. सरपणाची मोळी डोक्यावर आणणारी बाई त्या बैठकीत नव्हती.

चुकीच्या सालाबद्दल एक गोष्ट सांगतो. इटलीत तेर्नी नावाचं पोलाद कारखान्याचं गाव आहे. तिथं १९४९ मध्ये नाटोविरोधी मोर्चात एक तरुण कामगार पोलिसांच्या हातून मारला गेला. पुढे अलेस्सांद्रो पोर्तेली या अभ्यासकानं तिथल्या कामगारांशी बोलणं केलं, तर बऱ्याच जणांनी ते मरण १९५३ मध्ये नेऊन ठेवलेलं. त्या वर्षी कारखान्यातून हजारो लोक काढले गेले आणि कामगार रस्त्यावर लढले. पोर्तेलीनं कागदांशी ताडून साल दुरुस्त केलं आणि मग विचारलं की इतक्या लोकांनी मिळून हे मरण चार वर्षं पुढं का सरकवलं? आपला माणूस मेला आणि आपण काहीच करू शकलो नाही, हे त्यांना सहन होत नव्हतं. हे कुठल्या कागदातून कळलं असतं? तुमच्या तीन म्हाताऱ्यांची तीन सालं मला तिन्ही हवी आहेत, आणि त्यांच्याशेजारी तहसिलीतलं चौथंही.

धुऱ्याचा मुद्दा मात्र खरा आहे. जमिनीच्या वादाचा भाग बंद ठेवावा लागेल.

रानवाटा

गडचिरोलीहून लिहितो. सातबारा साहेब, म्हाताऱ्याच्या शब्दाला कायद्यात किंमत नाही असं नाही. २००६ चा वनहक्क कायदा बघा. त्याच्या नियमांत पुराव्यांची यादी आहे, त्यात दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचं लेखी घेतलेलं कथन धरलेलं आहे. आदिवासी नसलेल्या वननिवासींना १३ डिसेंबर २००५ च्या आधीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं दाखवावी लागतात. एवढा जुना कागद गरिबाकडे कुठून येणार? आमच्या भागात सामूहिक दावे करताना हेच करावं लागलं. म्हातारे जंगलात पुढे चालले, देव कुठला, पाणवठा कुठला, डिंक कुठून काढत, हे दाखवत गेले आणि पोरं लिहीत गेली.

तरीही माझा नदीपल्याड यांना अर्धाच पाठिंबा. आमच्याकडे म्हाताऱ्याला "तुमच्या तरुणपणी गावात कोण कोण येत होतं?" असं साधं विचारलं तरी तो आधी आजूबाजूला बघतो. रात्री दारात कोण आलं, भाकरी कोणी दिली, सकाळी चौकशीला कोणाला नेलं, हे सांगणाऱ्याच्या जिवावर दोन्हीकडून बेतू शकतं. अमेरिकेत बोस्टन कॉलेजनं उत्तर आयर्लंडमधल्या जुन्या बंडखोरांच्या मुलाखती घेतल्या होत्या. तुम्ही हयात असेपर्यंत कोणाला ऐकवणार नाही, असा शब्द दिला होता. २०११ मध्ये ब्रिटिश पोलिसांच्या मागणीवरून अमेरिकेच्या कोर्टातून समन्स निघालं आणि पुढे काही टेपा द्याव्याच लागल्या. एवढ्या मोठ्या कॉलेजला शब्द पाळता आला नाही. वाचनालयाची पोरं कोणाच्या भरवशावर शब्द देणार? काही प्रश्न विचारूच नयेत, आणि कोणते ते आधी बसून ठरवावं.

पऱ्हाटी

यवतमाळ जिल्हा. माझा पूर्ण विरोध, आणि तो रागातून आहे.

आमच्या गावात वीस वर्षांपासून मुलाखतीच होऊन राहिल्या आहेत. नवऱ्यानं फवारणीचं औषध घेतलं, त्या बाईच्या दारात कॅमेरे, संस्था, विद्यार्थी, पुढारी. माझ्या शेजारच्या बाईनं सगळे कागद एका पिशवीत लावून ठेवलेत: मृत्यूचा दाखला, पोस्टमॉर्टेम, बँकेची नोटीस, सावकाराची चिठ्ठी, आणि सगळ्यात खाली 'अपात्र' असं लिहिलेलं पत्र. कोणता पाहुणा कोणत्या क्रमानं मागतो हे तिला माहीत झालंय. गाडी थांबली की ती पिशवी घेऊनच बाहेर येते. रडू कुठं येईल तेही विचारणाऱ्याला ठाऊक असतं, तो तिथं थांबतो. सरकारी मदतीचे एक लाख मिळायचे होते तेही मिळाले नाहीत. तिची गोष्ट मात्र कुठं कुठं पोचली, तिला कोणी परत येऊन सांगितलं नाही.

लोकांना बोलतं करणं म्हणजे उपकार, असं समजू नका. कापसाला भाव नाही, वेचणीला माणूस नाही. आधी ते बोला.

नदीपल्याड

पऱ्हाटी, तुमचा राग बरोबर जागी आहे. पण या बाईला वीस वर्षांत कोणी तिच्या लग्नाआधीचं विचारलं का? ती कोणत्या गावची, माहेरी काय पेरत, कापूस सरकारच्या एकाधिकार खरेदी योजनेत जात होता तेव्हा चुकारा, म्हणजे कापसाचे पैसे, आल्यावर घरात पहिली कोणती वस्तू आली? तिच्याकडे सगळे एकाच दिवसासाठी येतात. मला तिचे बाकीचे दिवस हवे आहेत, ती देणार असेल तर. आणि तिनं नाही म्हटलं तर दुसऱ्यांदा विचारायचं नाही.

मोहफूल

बायकांच्या बाजूनं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

चिमूरचं नाव वर आलंच आहे. उठावानंतर सैन्य आलं आणि बायकांवर जे झालं ते सगळ्यांना माहीत आहे. नागपूरहून बायका चिमूरला गेल्या, तिथल्या बायकांचं ऐकून आल्या. चौकशीसाठी सेवाग्रामच्या प्राध्यापक भणसाळींनी ६३ दिवस उपोषण केलं. सरकारनं वर्तमानपत्रांत त्याच्या बातम्या दाबल्या, चौकशी केली नाही. म्हणजे त्या बायका एकदा बोलल्या होत्या, तेही त्या काळात, अनोळखी माणसांसमोर. त्यांना काय मिळालं? गावानं दरवर्षी हुतात्म्यांना हार घातले, आणि या बायकांची नावं घरातसुद्धा कोणी काढली नाहीत.

आमच्या नात्यातली एक म्हातारी त्या भागातली होती. त्या दिवसांचा विषय निघाला की ती उठून चुलीकडे जायची. माय आम्हाला डोळ्यांनी दटावायची. ती गेली, काही न सांगता गेली. मला वाईट वाटतं का? वाटतं. पण तिच्यासमोर फोन धरून एखाद्या पोरानं प्रश्न विचारला असता, तर मी तो फोन हिसकावून घेतला असता. न बोलणं हे तिनं ठरवलेलं होतं आणि ते शेवटपर्यंत पाळलं होतं. इतिहासाला भूक लागली म्हणून तिनं बोलायचं का?

आणि एक व्यवहाराचं. म्हाताऱ्या बाईची मुलाखत तिच्या मुलासमोर घेऊच नका. ती प्रत्येक प्रश्नाला "ह्यालेच विचार" म्हणते आणि मग मुलगाच सांगत बसतो. मुलगा बैलाकडं गेला की दहा मिनिटांत ती तिच्या जावेचं, बाळंतपणाचं, जात्यावरचं सगळं बोलते. गी पॉइटव्हाँ आणि हेमा राईरकर यांच्या चमूनं महाराष्ट्रभरातून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या जमवल्या. ओवीत बाई नवऱ्याबद्दल जे म्हणते ते प्रश्नाच्या उत्तरात कधीच म्हणणार नाही. आमच्याकडच्या ओव्या तिथं किती, घाटाखालच्या किती, हेही कोणीतरी पाहावं.

पिंपळपान

सातबारा साहेब, तुमच्या कागदांत आमची वस्ती शोधून बघा. माझा पणजोबा त्यात 'कोतवाल' म्हणून सापडतो. त्याच्या बायकोचं नावच नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला आणि १६ ला चंद्रपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, हे पुस्तकात आहे. माझी आजी चंद्रपूरला गेली होती, हे कुठंच नाही. पांढरं लुगडं नव्हतं म्हणून तिनं शेजारणीकडून मागून आणलं, त्याला काठ होता, तो आत दुमडून नेसली. परत आल्यावर देव्हाऱ्यातले देव फडक्यात बांधून नदीवर नेले. सासरा वाटेत आडवा झाला. सासऱ्याला ओलांडून जावं लागलं, आणि हे सांगताना ती प्रत्येक वेळी लुगड्याचा घोळ उचलून दाखवायची, किती उंच पाय टाकला ते. हे माझ्या फोनमध्ये आहे. तिचं वय झालं होतं आणि तिला स्वतःलाच सांगायचं होतं. "लिहून घे," म्हणायची.

म्हणून मुलाखती व्हाव्यात याला माझा जोरदार पाठिंबा. पण नदीपल्याड, तुमचं वाचनालय कुठं आहे? गावाच्या मध्यावर, हो ना? किल्ली कोणाकडं असते? 'गावाचा संग्रह' म्हणजे शेवटी वरच्या आळीतल्या कपाटातला एक पेनड्राइव्ह. गावकुसाबाहेरच्या बाईनं वाड्याबद्दल काय सांगितलं, ते वाड्यातल्याच पोराच्या हाती पडणार. माझ्या आजीची फाइल मी तिथं देणार नाही.

सातबारा

पिंपळपान यांचं वाचून थोडा वेळ थांबलो. तुमच्या पणजीचं नाव कागदात नाही, हे मी नाकारू शकत नाही.

तरी माझा विरोध कायम आहे, तो पुढच्या टप्प्याला. रेकॉर्ड करणं एक आणि ते यूट्यूबवर टाकणं दुसरं. पोरांना व्ह्यू हवे असतात. त्यात सगळ्यात भांडखोर वाक्य कापून वर लावतात. हे थांबवण्याची हमी मला आजवर कोणी दिलेली नाही.

नदीपल्याड

वरचं सगळं धरून मी पोरांसमोर जे ठेवणार आहे ते लिहितो. यूट्यूब नाही, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपही नाही. फाइल बोलणाऱ्याची. एक प्रत त्याच्या घरी, दुसरी तो म्हणेल त्याच्याकडं, मग ते वाचनालय असो, बुद्धविहार असो की माहेर. रेकॉर्डिंग झाल्यावर त्यालाच पूर्ण ऐकवायचं. "हे काढ" म्हणाला की काढायचं, कारण विचारायचं नाही. बायकांना बाया विचारतील. जमिनीचे धुरे, पोलीस आणि जंगलातले पाहुणे हे विषय आमच्याकडून निघणार नाहीत.

तांत्रिक बाजू सोपी आहे. व्हॉट्सअ‍ॅपचा व्हॉइस मेसेज चालणार नाही, आवाज दबतो. साधं वेव्ह रेकॉर्डिंग एका माइकवर केलं तर तासाला सुमारे ३०० एमबी लागतात, ते आजच्या फोनला जड नाही. जड आहे ते लिहून काढणं. एका तासाच्या बोलण्याला एक पूर्ण दिवस सहज जातो. उन्हाळ्यात कूलरच्या घरघरीत काही ऐकू येत नाही आणि कूलर बंद केला तर म्हातारं माणूस बसू शकत नाही, म्हणून हिवाळाच.

पिंपळपान, किल्लीचं तुम्ही बरोबर बोललात. याला आमच्याकडे आज उत्तर नाही. तुमच्या वस्तीनं आपला संग्रह आपल्याकडे ठेवावा, आम्ही मागायला येणार नाही.

पिंपळपान

ते ठीक. पण मग वरच्या आळीनं आमच्याबद्दल काय सांगितलं, ते आम्हाला ऐकायला मिळणार का? की तेवढं 'बोलणाऱ्याची फाइल' म्हणून बंद राहणार?

नदीपल्याड

हा प्रश्न मी ग्रामसभेत ठेवतो. माझं स्वतःचं मत, मिळालं पाहिजे. बाकीचे मान्य करतील असं आज सांगू शकत नाही.

बोडीकाठ

उशिरा वाचलं. माझी सासू गोंड आहे, आमचं गाव नदीपल्याड यांच्यापासून फार लांब नाही. तिला मराठीत विचारलं तर "हो बापा, होतं तसं" एवढंच म्हणते. गोंडीत सुरू झाली की परधान किंगरी घेऊन दारात कधी यायचा, कोणत्या कुळाची कथा गायचा, त्याला सुपात काय काय द्यायचे, सगळं येतं. तुमच्या पोरांत गोंडी कोणाला येते?

नदीपल्याड

कोणालाच येत नाही. तुम्ही विचाराल का? फोन आणि माइक आम्ही पोचवतो.

बोडीकाठ

विचारीन. पण धान चुरून झाल्यावर, आत्ता तिलाही वेळ नाही आणि मलाही. आणि तिनं हो म्हटलं तरच.