मदत हवी आहे: प्रगत डिमेन्शियात ओरेमची 'स्व-काळजी' केअर प्लॅनमध्ये कशी मांडावी?

नमस्कार. नर्सिंग सिद्धांतकार डोरोथिया ओरेम यांच्या स्व-काळजी सिद्धांतावर (रुग्ण स्वतःची जी काळजी घेऊ शकत नाही, तिची भरपाई नर्सने करायची) केअर प्लॅन लिहायचा आहे. रुग्ण फास्ट ७-सी (डिमेन्शियाच्या टप्प्यांच्या मोजपट्टीवरचा शेवटाकडचा टप्पा): बोलणं एखाद्या शब्दावर आलेलं, चालणं बंद. पुस्तकी उत्तर सोपं आहे, 'पूर्ण भरपाई पद्धत', म्हणजे सगळं नर्सने करायचं. पण तसं लिहिलं की उरलीसुरली क्षमताही कागदावरून पुसली जाते, आणि मग स्टाफ घाईने भरवतो.

भरवतानाच पाहा. रुग्ण ताठ बसलेला, चमचा आपल्या हातात, त्याचा हात आपल्या हातावर. एका वेळी ५ मिली, गिळल्याची खात्री झाल्यावरच पुढचा घास, नंतर ३० मिनिटं बसतं ठेवायचं. इथे तोंड उघडणं आणि गिळणं रुग्णाचं, बाकी आपलं. मग ही 'अंशतः भरपाई' (काही रुग्णाने, काही नर्सने करायचं ही ओरेमची दुसरी पद्धत) नाही का? ओरेमच्या आठ सार्वत्रिक गरजांपैकी (हवा, पाणी, अन्न वगैरे) प्रत्येकीला वेगळी पद्धत लावलेली चालते का? दर २ तासांनी कूस बदलणं मात्र निर्विवाद पूर्ण भरपाईत जातं.

खरा पेच पुढे आहे. रुग्ण तोंड फिरवतो. ही स्व-काळजीची क्षमता मानून नकार म्हणून नोंदवावी, की लक्षण म्हणून? आधी पेनॅड गुण (बोलू न शकणाऱ्या रुग्णाची वेदना निरीक्षणातून मोजणारे), तोंडातले छाले, सैल कवळी, बद्धकोष्ठता आणि गालात साठलेला घास तपासायचा, हे ठरलेलंच. सगळं ठीक असेल तर काय लिहिता?

शिवाय ओरेमची तिसरी, 'आधार व शिक्षण' पद्धत (काळजी स्वतः घेता यावी म्हणून शिकवणं आणि आधार देणं) रुग्णाऐवजी काळजी घेणाऱ्या सुनेसाठी लिहिली तर परीक्षक मान्य करतात का? नमुना तक्ता असल्यास कृपया टाका.