मदत हवी आहे: रिमोटच्या विमानाचा हवेत असताना रिमोटशी संपर्क तुटतो, आरटीएलचं (आपोआप घरी परत आणणारं) बटणही चालत नाही. ऑटोपायलट बदलू का?

फलटणकर
दोन रविवार झाले, तोच त्रास. विमान लांब गेलं की रिमोटला प्रतिसादच देत नाही. डावीकडे गोल फिरत राहतं. आरटीएलचं बटण खाली-वर केलं, काही फरक नाही. पहिल्यांदा 40-50 सेकंदांनी आपोआप ताबा आला. दुसऱ्यांदा आलाच नाही, विमान उसात पडलं आणि शोधायला दोन तास गेले. रिमोटची बॅटरी फुल होती. येत्या रविवारी परत उडवायचंय. ऑटोपायलटचा बोर्ड खराब आहे का? नवीन मागवू का? लवकर सांगा.

कृष्णाकाठ
विमान कोणतं? बोर्ड कोणता? रिसीव्हर? मोड कोणता होता? लांब म्हणजे किती लांब?

विंग_लोडिंग
बीईसी. शंभर टक्के बीईसी, म्हणजे बॅटरीचा व्होल्टेज उतरवून वीज पुरवणारा भाग. चार सर्व्हो (विमानाच्या झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटरी) एकदम हलले की 3 अँपिअरच्या बीईसीचा व्होल्टेज पडतो आणि रिसीव्हर रीस्टार्ट होतो. माझं एक ग्लायडर असंच गेलं. 5 अँपिअरचा वेगळा बीईसी टाका, विषय संपला.

फलटणकर
फोमचं विमान, पंख दीड मीटर, पंखात कार्बनची नळी. बोर्ड पिक्सहॉक, त्यावर अर्डूप्लेन सॉफ्टवेअर. रिसीव्हर सहा चॅनलचा, 2.4 गिगाहर्ट्झ, पीपीएमवर (सगळे चॅनल एकाच तारेतून). मोड एफबीडब्ल्यूए, म्हणजे स्टिक मी हलवतो, बोर्ड तोल सांभाळतो. अंतर अडीचशे-तीनशे मीटर असेल. यात बीईसीचा काय संबंध?

नाशिक_आरसी
होकायंत्र परत कॅलिब्रेट करा. जीपीएसचा मास्ट (दांडा) उंच करा, तो 1575.42 मेगाहर्ट्झवर ऐकतो आणि पॉवरच्या वायरींचा त्याला त्रास होतो. माझं विमान लॉइटरमध्ये (एका जागेभोवती घिरट्या घालायच्या मोडमध्ये) भरकटायचं ते यानेच थांबलं.

कृष्णाकाठ
नाशिककर, ते भरकटत नाहीये, रिमोट तुटतोय. वेगळा आजार आहे.
विंग_लोडिंग, पिक्सहॉकमध्ये आरसी (रिमोटच्या) पोर्टवरच्या रिसीव्हरला वीज पॉवर मॉड्यूलकडून मिळते. सर्व्होच्या रांगेला (सर्व्हो रेलला) बीईसी वेगळा लागतो. सर्व्होंनी त्यांच्या बीईसीचा व्होल्टेज पाडला तर सर्व्हो मरतील, रिसीव्हर नाही.

विंग_लोडिंग
जोडणी न बघता एवढं ठाम बोलू नका. लोक रिसीव्हरला सर्व्हो रेलवरून वीज देतात, मी स्वतः पाहिलंय.

फलटणकर
वीज आरसी पोर्टवरूनच आहे. लॉगमध्ये (उड्डाणाच्या नोंदीत) बोर्डाचा व्होल्टेज 4.9 ते 5.05, कुठेही पडलेला नाही.

विंग_लोडिंग
मग बीईसी नाही. पण पुढच्या विमानाला तरी 5 अँपिअरचाच लावा.

सह्याद्री_एफपीव्ही
ईएलआरएस (लांब पल्ल्याचा रिमोट-रिसीव्हर संच) घ्या. मी दोन वर्षांपूर्वी बदललं, त्यानंतर एकदाही तुटलं नाही. 2.4 वरच चालतं, पण लोरा (लांब पल्ल्याची रेडिओ पद्धत) असल्यामुळे अंतराचा प्रश्नच राहत नाही.

कृष्णाकाठ
कुठलाही चांगला संच 300 मीटरवर तुटायला नको. कारण न शोधता संच बदलला तर तेच कारण नव्या संचालाही भोवेल.

सह्याद्री_एफपीव्ही
रेंज जास्त असली की चुका पचतात. नवख्या माणसाला तेच हवं असतं.

कृष्णाकाठ
फलटणकर, तुमच्याच सांगण्यात एक गोष्ट खटकते. आरटीएलचं बटण रिमोटवर आहे. रिमोटच तुटला तर त्या बटणाचा निरोप विमानापर्यंत जाणार कसा? अशा वेळी विमानाने स्वतःहून परत यायचं असतं. मूळ सेटिंगमध्ये दीड सेकंदानंतर शॉर्ट फेलसेफ (संपर्क तुटल्यावरचा आपोआप बचाव) लागतो आणि ते गोल फिरतं, पाच सेकंदांनंतर लाँग फेलसेफ आणि घरी परत. तुमचं विमान 40 सेकंद फिरत राहिलं. लॉगमध्ये मोड बदललेला दिसतो का? आणि आरसीचे आकडे त्या वेळी कसे आहेत?

फलटणकर
मोड शेवटपर्यंत एफबीडब्ल्यूएच. सगळ्या चॅनलचे आकडे सपाट रेघ. थ्रॉटल (मोटरचा जोर) 1460 वर गोठलेला, रोल किंचित डावीकडे. मी तेव्हा स्टिक जोरजोरात हलवत होतो!

कृष्णाकाठ
सापडलं. रिसीव्हर शेवटचे आकडे धरून ठेवतोय. बोर्डाला वाटतं की रिमोट जिवंत आहे आणि तुम्हीच डावीकडे वळायला सांगताय. बोर्ड ठणठणीत आहे, नवा मागवू नका.

आधी प्रॉप (पुढचा पंखा) काढा. विमान लॅपटॉपला जोडा. रिमोटवर थ्रॉटलचं ट्रिम आणि एंडपॉइंट (स्टिकच्या टोकाचा आकडा) इतकं खाली न्या की स्क्रीनवर थ्रॉटल 920 च्या आसपास दिसेल. तोच आकडा रिसीव्हरच्या फेलसेफमध्ये साठवा. मग ट्रिम-एंडपॉइंट पूर्ववत करा, नेहमीचा खालचा थ्रॉटल हजाराच्या वर असू दे. अर्डूप्लेनमध्ये थ्रॉटल फेलसेफ चालू आणि मर्यादा 950. आता रिमोट बंद करा आणि मोड बदलतो का ते डोळ्यांनी बघा. हे झाल्याशिवाय रविवारी विमान गाडीतसुद्धा ठेवू नका.

डोंबिवली_डायहेड्रल
आणि आधी चालत होतं ना? मग मधे काय बदललं? हे कुणी विचारलंच नाही.

फलटणकर
काही नाही. फक्त नाकात कॅमेरा बसवला. नाक जड झालं म्हणून बॅटरी मागे सरकवली.

डोंबिवली_डायहेड्रल
कॅमेऱ्याचं वायफाय चालू असतं? आणि बॅटरी आता रिसीव्हरच्या किती जवळ आहे? अँटेना कुठे गेल्या?

फलटणकर
वायफाय चालूच असतं, मोबाइलवर बघायला. बॅटरी रिसीव्हरला टेकूनच. एक अँटेना तिच्याखाली, दुसरी कार्बनच्या नळीला टेपने चिकटवली आहे.

डोंबिवली_डायहेड्रल
हे घ्या. वायफाय त्याच 2.4 च्या पट्ट्यात, तेही रिसीव्हरपासून वीतभर अंतरावर. लिपो बॅटरी आणि कार्बन दोन्ही सिग्नल अडवतात. अँटेनाचा खरा भाग म्हणजे टोकाची सोललेली 31 मिलिमीटर तार. ती दोन्ही टोकं मोकळी, फोमच्या बाहेरच्या बाजूला, एकमेकींना काटकोनात ठेवा. विमान वळलं की बॅटरी मधे येत असणार, म्हणून वळतानाच तुटतं. नंतर रिमोटच्या रेंज टेस्ट मोडमध्ये तीस पावलं चालत जा, विमान सगळ्या बाजूंनी फिरवून बघा.

जळगाव_९०
ग्रीन झोन (विनापरवानगी उडवता येईल अशी जागा) आहे का ते सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर बघितलंत? तिथेही विनापरवानगी उंची 400 फूट, म्हणजे 120 मीटरच. आणि उसावर 300 मीटर लांब फोमचं विमान नीट दिसतं तरी का?

सह्याद्री_एफपीव्ही
टेलिमेट्री (विमान आणि लॅपटॉपमधला वेगळा रेडिओ) असती तर लॅपटॉपवरून आरटीएल देता आलं असतं. घेणार असाल तर 865 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातली बघा, 915 चे संच आपल्याकडे परवानामुक्त पट्ट्यात बसत नाहीत.

नाशिक_आरसी
तो फोम कुठून घेतलात? आमच्याकडे 5 मिलिमीटरचा मिळत नाही.

फलटणकर
काल रात्री केलं. आधी रिमोट बंद करून पाहिला तर थ्रॉटलचा आकडा होता तिथेच, मोड जैसे थे. कृष्णाकाठ म्हणाले तेच. फेलसेफ लावल्यावर सर्कल, मग आरटीएल, स्क्रीनवर तसा संदेशही आला. कॅमेऱ्याचं वायफाय बंद. अँटेना पंखाच्या वर आणि बाजूला काढल्या. आज सकाळी रेंज टेस्टमध्ये जुन्या जागी बाराव्या पावलाला तुटलं, नव्या जागी चाळीस पावलं गेलो तरी शाबूत. जळगावचे दादा, नकाशा बघितला, ग्रीन आहे. रविवारी दीडशे मीटर अंतराच्या आतच उडवणार. फोम पुण्याहून आणला.

कृष्णाकाठ
रिमोट बंद करताना प्रॉप काढला होता ना?

फलटणकर
हो. काढून डब्यात ठेवला होता.