विनाअनुदानित शाळेतल्या मुलांचा डबा आणि शालेय पोषण आहार

प्रश्न : एक पालक, लातूर जिल्हा

नमस्कार. आमच्या तालुक्याच्या गावी असलेल्या एका विनाअनुदानित इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मी पालक-शिक्षक संघाचे काम पाहते. या शाळेत डॉक्टर-वकिलांची मुले फारशी नाहीत. बहुतेक पालक मार्केट यार्डातील हमाल, रिक्षाचालक, शिलाईकाम करणाऱ्या बायका, दुकानांतील नोकर असे आहेत. मुलाला इंग्रजी यावे म्हणून पोटाला चिमटा काढून ते फी भरतात आणि त्यासाठी त्यांनी मुलांची नावे जिल्हा परिषदेच्या शाळेतून काढून घेतली आहेत.

मोठ्या सुट्टीत मुलांसोबत बसू लागल्यापासून मला एक गोष्ट फार खटकते. पहिली-दुसरीच्या मुलांच्या डब्यांत मला गार होऊन गोळा झालेल्या शेवया, साखर भुरभुरून गुंडाळलेली पोळी, पाच रुपयांचा बिस्किटांचा पुडा किंवा कुरकुरीत तळलेल्या पदार्थाचे पाकीट दिसते. भाजी असली तर बटाट्याची असते, आणि डाळ किंवा उसळ तर क्वचितच. आई पहाटे कामाला जाते, घरी दुसरे कोणी नसते, त्यामुळे दोष कोणाला द्यावा असे मला वाटत नाही. एका आईने सांगितले की घरी सगळे ज्वारीची भाकरीच खातात, पण डब्यात भाकरी दिसली की बाकीची मुले हसतात म्हणून मुलगी ती नेत नाही. तिच्यासाठी वेगळा गहू विकत घ्यावा लागतो.

याच रस्त्यावर पुढे जिल्हा परिषदेची शाळा आहे. तिथे मुलांना दुपारी गरम वरण-भात, मटकीची उसळ, खिचडी असे काहीतरी मिळते. म्हणजे एकाच गल्लीतील, जवळपास सारख्याच उत्पन्नाच्या दोन घरांतील मुलांपैकी फी भरणाऱ्या घरचे मूल दुपारी उपाशी नसले तरी निकस खाते, आणि फी न भरणाऱ्या घरच्या मुलाला शिजवलेले जेवण मिळते.

माझे दोन प्रश्न आहेत. आमच्या शाळेतील मुलांना, निदान शिक्षण हक्क कायद्याच्या पंचवीस टक्के राखीव जागांवर आलेल्या मुलांना तरी, पोषण आहार योजनेचा लाभ मिळू शकतो का? आणि तो मिळत नसेल तर प्रत्येक मुलामागे रोज सात-आठ रुपयांच्या आत पालकांच्या वर्गणीतून काय करता येईल? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

प्रतिसाद १ : जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक

ताई, आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुर्दैवाने ‘नाही’ असे आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ५ प्रमाणे दुपारच्या मोफत जेवणाचा हक्क शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतील आठवीपर्यंतच्या मुलांना आहे. विनाअनुदानित शाळा त्यात येत नाहीत. पंचवीस टक्क्यांतून प्रवेश मिळालेल्या मुलाची फी शासन भरते, पण त्याचे जेवण मात्र शाळा बदलताच सुटते. माझ्या मते या संपूर्ण व्यवस्थेतील ही सर्वांत मोठी फट आहे. जेवणाचा हक्क मुलाचा असायला हवा होता, तो शाळेच्या प्रकाराला बांधला गेला.

तरीही आमच्याकडे सारे आलबेल आहे असा समज होऊ नये म्हणून थोडे सविस्तर लिहितो. ही योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली तेव्हा मुलांना महिन्याला ३ किलो तांदूळ घरी दिला जात असे. २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलेच अन्न द्यावे असे बजावले आणि मग शाळाशाळांत चुली पेटल्या. आजच्या निकषानुसार पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने, तर सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने मिळायला हवीत. त्यासाठी लहान मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल धरलेले असते.

आता हिशेब पाहा. शंभर ग्रॅम तांदळातून सुमारे ७ ग्रॅम आणि वीस ग्रॅम डाळीतून सुमारे ५ ग्रॅम प्रथिने मिळतात. झाले बारा ग्रॅम. म्हणजे कागदावरचा निकष पूर्ण करण्याचे निम्म्याहून अधिक काम तांदूळच करतो, आणि डाळीचे माप जराही हुकले की मुलाच्या ताटात नुसता पिवळा भात उरतो. मे २०२५ पासून धान्य वगळून डाळ, भाजी, तेल, मसाला आणि इंधन या सगळ्यांसाठी लहान मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे दर आहे. बाजारात एक अंडे जवळपास तेवढ्यालाच पडते. राज्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एकदा अंडे, आणि न खाणाऱ्यांना केळे, देण्याचा निर्णय घेतला तेव्हा आम्हा शिक्षकांना मनापासून आनंद झाला होता, कारण त्या दिवशी पटावरची आणि प्रत्यक्षातली हजेरी सारखी दिसू लागली होती. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यांसाठीचा शासकीय निधी बंद करण्यात आला आणि ज्यांना द्यायची असतील त्यांनी लोकसहभागातून द्यावीत असे सांगण्यात आले. ज्या गावात देणगीदार आहेत तिथे ते जमेल. पण ज्या वस्तीला अंड्याची सर्वांत जास्त गरज आहे, नेमके तिथेच देणगीदार नसतात.

आणखी एक निरीक्षण आवर्जून नोंदवतो. आमच्याकडे सोमवारी पातेले लवकर रिकामे होते. मुले दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा भात मागतात. गुरुवार-शुक्रवारी तसे होत नाही. रविवारी त्या घरांत काय शिजले असेल हे यावरून कळते. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांची मुले तर दिवाळीनंतर दिसतच नाहीत. हंगामी वसतिगृहात राहिलेल्यांची सोय होते, पण फडावर गेलेल्या मुलाचे जेवण पटावर राहते आणि मूल तिकडे. म्हणून आपल्या गल्लीतील तुलनेत आमची मुले जिंकली असे मी म्हणणार नाही. दुपारचे एक जेवण त्यांना मिळते, ते गरम असते, आणि आम्ही ते आधी चाखून पाहतो, एवढे मात्र खात्रीने सांगता येईल.

प्रतिसाद २ : बालरोगतज्ज्ञ, सोलापूर

वरील हिशेब योग्यच आहे. मी फक्त दवाखान्यातून दिसणारी बाजू सांगतो.

गरीब मूल म्हणजे हाडकुळे आणि सधन मूल म्हणजे सुदृढ हा समज सोडून द्यायला हवा. २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वंकष पोषण सर्वेक्षणात पाच वर्षांखालील मुलांमधील खुंटलेल्या वाढीचे प्रमाण सर्वांत गरीब गटात ४९ टक्के, तर सर्वांत सधन गटात १९ टक्के आढळले. दरी मोठी आहे, यात शंका नाही. पण ज्या घरात अन्नाची ददात नाही अशा घरांतही दर पाचांतील जवळपास एका मुलाची उंची वयाच्या मानाने कमी भरते, ही गोष्ट तितकीच गंभीर आहे. त्याच सर्वेक्षणात ५ ते ९ वयोगटातील जवळपास चौथा हिस्सा मुले रक्तक्षयाची होती, आणि शाळकरी वयातील सुमारे १० टक्के मुलांची रक्तशर्करा मधुमेहपूर्व पातळीवर होती. तुमच्या शाळेतील डबे पाहता तिथल्या मुलांना या दोन्ही बाजूंचा धोका आहे : उष्मांक पुरेसे, पण लोह, प्रथिने आणि ब-१२ जीवनसत्त्व अपुरे.

माझ्याकडे येणाऱ्या आयांना मी आधी सकाळच्या चहाबद्दल विचारतो. शाळेत निघण्यापूर्वी चहा आणि खारी किंवा टोस्ट ही आपल्याकडची फार रुळलेली न्याहारी आहे. चहातील घटक अन्नातील लोह नीट शोषू देत नाहीत, आणि मुलाची भूकही मारतात. पैसे न लागता करता येणारा पहिला बदल म्हणजे लहान मुलांचा चहा बंद करणे. तमिळनाडूने सप्टेंबर २०२२ पासून सरकारी प्राथमिक शाळांत सकाळची न्याहारी सुरू केली. पहाटे कामाला जाणाऱ्या आईची अडचण त्यांनी ओळखली, असे मला वाटते.

भाकरीबद्दल त्या आईला माझ्यातर्फे अवश्य सांगा. ज्वारीत शंभर ग्रॅममागे साधारण ४ मिलिग्रॅम लोह असते, कणकेतही जवळपास तेवढेच. पांढऱ्या तांदळात ते १ मिलिग्रॅमपेक्षाही कमी असते. नाचणीत कॅल्शियम तर या सर्वांपेक्षा कितीतरी जास्त असते. वेगळा गहू आणण्याचे पैसे वाचवून त्यातून मटकी आणावी.

सात-आठ रुपयांत काय, या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे : मूठभर, म्हणजे पंचवीसेक ग्रॅम भाजलेले शेंगदाणे किंवा फुटाणे, यातून ५ ते ६ ग्रॅम प्रथिने मिळतात, म्हणजे साधारण एका अंड्याइतकी. मोड आलेल्या मटकीवर लिंबू पिळले की तिच्यातील लोह अधिक शोषले जाते, हे मी गृहिणींना नेहमी सांगतो. ब-१२ मात्र यातून मिळणार नाही. त्यासाठी अंडे, दूध, दही यांपैकी काहीतरी लागतेच. शेंगदाणे सुरू करण्यापूर्वी कोणाला त्याची ॲलर्जी आहे का हे पालकांकडून लेखी घ्या आणि अगदी लहान मुलांना अख्खे दाणे न देता कूट किंवा लाडू द्या.

शाळेतील जेवणाचा परिणाम त्या दुपारपुरता नसतो. २०२१ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये आलेल्या भारताविषयीच्या अभ्यासात असे दिसले की ज्या मुलींना लहानपणी शाळेत जेवण मिळाले, त्यांना पुढे झालेल्या मुलांची उंची अधिक चांगली होती, आणि हा फायदा गरीब घरांत जास्त ठळक होता. आज तुमच्या शाळेत पाकीट फोडणारी मुलगी वीस वर्षांनी आई होणार आहे, एवढे पालक सभेत जरूर सांगा.

प्रतिसाद ३ : बचत गटातून शाळेत स्वयंपाक करणारी

मी अकरा वाजता आधण ठेवते. दोघी मिळून शंभराच्या आत मुलांचे जेवण करतो. केंद्राच्या निकषात आमचे मानधन २००९ पासून महिन्याला हजार रुपयेच धरलेले आहे, राज्य त्यात भर घालते, आणि तेही बरेचदा उशिरा हातात येते. मागे मसाल्याचे पैसे थकले तेव्हा आम्ही दुकानदाराकडून उधारीवर तेल-मीठ आणून चूल पेटती ठेवली.

डॉक्टरसाहेबांनी मटकी सांगितली ती बरोबर आहे, पण मटकीला मोड आणायचे तर आदल्या दिवशी दुपारी भिजत घालून संध्याकाळी फडक्यात बांधावी लागते. हे काम कोण करणार, ते आधी ठरवा. तुमच्या शाळेतील दोन-तीन आयांना रोजंदारी देऊन ते काम दिले, तर मुलांच्या तोंडी घास पडेल आणि त्यांच्याही हाती दोन पैसे पडतील. फुकट सेवा मागू नका. ती महिनाभर टिकते आणि मग बंद पडते.

प्रतिसाद ४ : एक पालक, पुणे

आमच्या शाळेत नाश्ता आणि जेवण फीमध्येच धरलेले आहे. पनीर, फळे, सर्व काही असते. तरीही शाळा सुटल्यावर फाटकाबाहेर मुले गोड पेये आणि तळलेल्या पाकिटांसाठी गर्दी करतात. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमावलीनुसार शाळेच्या आवारात आणि भोवतालच्या ५० मीटरमध्ये अतिमेद, अतिसाखर, अतिमिठाच्या पदार्थांची विक्री होता कामा नये, पण तो नियम प्रत्यक्षात पाळला जाताना मी पाहिलेला नाही. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने (सीबीएसई) २०२५ मध्ये शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावायला सांगितले, आणि त्याचा मुलांवर थोडा परिणाम नक्की झाला. माझा मुलगा आता पेयाच्या बाटलीवरची साखर वाचतो.

मात्र योजना विनाअनुदानित शाळांना लागू करावी या मागणीशी मी सहमत नाही. आहे त्या मुलांच्या ताटात अंडे द्यायला पैसे नाहीत म्हणणाऱ्या व्यवस्थेने लाभार्थी वाढवले, तर सगळ्यांच्याच ताटातील डाळ पातळ होईल. आधी अंडे परत आणावे.

प्रतिसाद ५ : जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक

आपला मुद्दा रास्त आहे, पण मी वेगळा विचार करतो. शहरांतील काही अनुदानित शाळांत सुस्थितीतील पालक आपल्या मुलांना खिचडी खाऊ देत नाहीत. घरचा डबा देतात. मग ते जेवण ‘गरिबांचे’ ठरते, आणि एकदा तसे ठरले की त्यात अळी निघाली तरी तक्रार करणारा आवाज उरत नाही. जिथे सरपंचाचे, शिक्षकाचे आणि मजुराचे मूल एकाच पंगतीला बसते, तिथे डाळीचे माप आपोआप नीट पडते, हे मी स्वतः पाहिले आहे. म्हणून पंचवीस टक्क्यांतील मुलांपासून सुरुवात करून ही योजना मुलाच्या मागे जावी, आणि त्यासाठी दर वाढवून मागावा. अंडे आणि विस्तार यांपैकी एकच निवडा, असे आपणच आपल्याला का सांगावे?

मूळ प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. पालक सभेपुढे मी असा प्रस्ताव ठेवणार आहे : आठवड्यातून तीन दिवस लिंबू पिळलेली मटकीची उसळ, दोन दिवस शेंगदाण्याचे लाडू, आणि जे पालक संमती देतील त्यांच्या मुलांना शनिवारी उकडलेले अंडे, इतरांना दही. उसळीचे काम दोन आयांना रोजंदारीवर द्यायचे आणि शाळेच्या नावाने अन्न परवाना विभागात नोंदणी करायची. ज्यांना वर्गणी झेपणार नाही त्यांची नावे फक्त मुख्याध्यापिकांकडे राहतील. वर्गात सर्वांना सारख्याच ताटलीत आणि शनिवार सोडून एकच पदार्थ. दर शुक्रवार भाकरीचा दिवस ठेवून शिक्षिकांनीही त्या दिवशी भाकरीच आणावी, असेही सुचवणार आहे.

पंचवीस टक्क्यांतील मुलांच्या जेवणाबद्दल गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी निवेदन द्यायचे आहे. त्यात कलम ५ चा उल्लेख कसा करावा, याचा मसुदा गुरुजींनी तपासून दिला तर फार उपकार होतील.