आईला तंजावर आणि रामेश्वर दाखवायचंय: आठ दिवसांत काय ठेवू, काय गाळू?

लालबागची लेक

नमस्कार. आईचं वय ७२. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, डावा दुखरा आहे. सपाटीवर अर्धा तास चालते, मग बसावं लागतं.

आमच्या देवघरात आजीने काशीहून आणलेला गंगेचा गडू आहे. तांब्याचा, डाख दिलेला, म्हणजे झाकण कथलाने बंद केलेला. आजीला तो रामेश्वरावर वाहायचा होता, ते राहिलं. बाबा निवृत्त झाल्यावर नेणार होते, तेही राहिलं. दोन वर्षांपूर्वी आईला एका सहल कंपनीबरोबर पाठवलं. सात दिवसांत बावीस देवळं! पहाटे चारला उठवायचे, बसमध्ये बसवायचे. तंजावरला चाळीस मिनिटं मिळाली, त्यातली निम्मी चपला ठेवण्यात आणि शोधण्यात गेली. रामेश्वरला गडूची बॅग बसच्या डिकीत राहिली आणि बस लांब उभी केलेली. आईला दर्शन झालं, गडू मात्र तसाच परत आला. घरी आल्यावर तिने तो जागेवर ठेवला आणि त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. तेच मला जास्त लागलं.

आता जानेवारी-फेब्रुवारीत मी स्वतः नेणार आहे. हातात आठ दिवस. आमची यादी अशी: कांचीपुरम, महाबलीपुरम, चिदंबरम, कुंभकोणम, तंजावर, श्रीरंगम, मदुराई, रामेश्वर, कन्याकुमारी. यातलं काय गाळू? गंगेचं पाणी वाहण्याची तिथे काय पद्धत आहे? आणि आईचा एक प्रश्न: तंजावरच्या देवळात मराठीत कोरलेला लेख आहे म्हणतात, तो खरंच आहे का? गाइडने दाखवला नाही.

जुळारी (मुलुंड)

ताई, लेख आहे. मराठीत आहे, देवनागरीत आहे आणि वाचता येतो. मी गिरगावातल्या एका छापखान्यात एकतीस वर्षं जुळारी होतो, म्हणजे शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणारा. खिळे गेले, संगणक आले, तरी अक्षर दिसलं की पाय थांबतात. म्हणून आधी लेखाचं सांगतो, यादीचं नंतर.

बृहदीश्वराच्या, म्हणजे तंजावरच्या मोठ्या देवळाच्या आवारात शिरलं की माणसं नंदीकडे आणि विमानाकडे, म्हणजे गाभाऱ्यावरच्या शिखराकडे, धावतात. तुम्ही डावीकडून प्रदक्षिणेच्या वाटेने निघा आणि मागच्या अंगाला, नैऋत्येकडे, प्राकाराच्या, म्हणजे आवाराच्या भिंतीपाशी जा. दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा सगळा इतिहास तिथे दगडावर कोरून घेतला. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे तिकडे गेले आणि १८५५ पर्यंत तंजावरला भोसल्यांची गादी होती, हे आपण शाळेत दोन ओळींत शिकलो. तिथे त्या दोन ओळींची भिंतच्या भिंत होते. जुन्या वळणाची मराठी आहे, वाक्यं लांब. पहिल्या दोन-चार ओळी अडखळायला होतं, मग डोळा सरावतो.

दगड नीट बघा. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण नव्हे, ग्रॅनाइट आहे. दाणा जाड आणि उन्हात मधूनच एखादा कण चमकतो. अशा दगडात वेलांटीचा गोल काढायचा म्हणजे छिन्नी दाण्यावरून उडणार, कडा फुटणार. मी एका वेलांटीसमोर किती वेळ उभा होतो कोण जाणे. आम्ही शिशाचा खिळा तुटला तर दुसरा उचलायचो. त्या माणसाला दुसरा दगड नव्हता. मी मोठ्याने वाचायला लागलो तेव्हा बायको शेजारी ओवरीत बसून ऐकत होती. थोड्या वेळाने मागून कोणीतरी म्हणालं, "जरा मोठ्यांदा वाचा की." सांगलीकडचं एक कुटुंब होतं. त्यांनाही कोणी सांगितलं नव्हतं की इथे आपली भाषा आहे.

आणि फक्त आपलंच बघून परतू नका. मूळ देऊळ पहिल्या राजराज चोळाचं, १०१० मध्ये पुरं झालेलं. विमान साधारण ६६ मीटर उंच. त्याच्या जोत्यावर फिरत गेलात तर तमिळ लेखांच्या ओळी संपतच नाहीत. राजाने, राण्यांनी, अधिकाऱ्यांनी काय काय दान दिलं त्याचा हिशेब आहे तो. देवळाच्या सेवेला आणलेल्या चारशे नर्तकींची नावं त्यात आहेत, प्रत्येकीला कुठल्या रस्त्यावर घर दिलं तेही. मला तमिळ येत नाही. पण हजार वर्षांपूर्वी नाचणाऱ्या बाईचा पत्ता दगडावर लिहून ठेवलाय हे कळल्यावर जोत्याला पाय लागू नये म्हणून मी अंग चोरून चालत होतो.

विमानाची सावली जमिनीवर पडत नाही असं कोणी सांगेल. पडते. आम्ही संध्याकाळी तिच्यातच बसलो होतो.

आता यादी. कांची, महाबलीपुरम, चिदंबरम, कन्याकुमारी काढून टाका. श्रीरंगमही या खेपेला नको. ते सात प्राकारांचं अख्खं गाव आहे, दुखऱ्या गुडघ्याने उरकण्याचं ठिकाण नाही. आईंचं गेल्या वेळी जे झालं ते देवळं कमी पडली म्हणून झालं नाही. विमानाने चेन्नई, एग्मोरहून रात्रीची उळवन एक्सप्रेस, सकाळी तंजावर. गडू मोठ्या बॅगेत टाका, हातातल्या सामानात अडवू शकतात. तंजावरला तीन रात्री राहा. मोठ्या देवळात रोज जा, एकदा सकाळी लवकर आणि एकदा साडेचारनंतर. दुपारी फरशी तव्यासारखी तापते, तेव्हा आत असूच नका. पायात मोजे घातले तरी चालतात.

मधला एक दिवस कुंभकोणमच्या अलीकडे दारासुरमला ठेवा. बाराव्या शतकातलं, दुसऱ्या राजराजाचं देऊळ. मंडपाला दगडी चाकं आणि घोडे लावून त्याचा रथ केलाय. गर्दी जवळजवळ नसते. तिथे एका शिल्पात हत्ती आणि बैल यांना मिळून एकच डोकं आहे. अर्धा भाग झाकला की हत्ती, दुसरा झाकला की बैल. आईंना हाताने झाकून बघायला सांगा.

मग गाडी करून रामेश्वर, दोन रात्री. एक रात्र मदुराई आणि तिथून मुंबई. झाले आठ दिवस. गडूचं उद्या सविस्तर लिहितो, आता लाइट गेलेत.

डोंबिवलीकर

जुळारीकाका, सुंदर. पण एक सुचवतो, हंपी का नको? संत भानुदासांनी आपला पांडुरंग कृष्णदेवरायाकडून परत आणला ती कथा हंपीचीच. तिथलं विठ्ठल मंदिर बघताना गाभारा रिकामा दिसला की घशाशी येतं. दगडी रथ पन्नासच्या नोटेवर आहेच. मी दोनदा गेलोय, तिसऱ्यांदाही जाईन.

माटुंग्याची सून

हंपी जरूर, पण वेगळी. मैलोन् मैल ऊन आणि खडक, या गुडघ्याला नको.

माझं माहेर साताऱ्याचं, सासर तमिळ, तंजावर जिल्ह्यातलंच. लग्नानंतर पहिल्यांदा तिकडच्या देवळात गेले तेव्हा मी हिरमुसले होते. आपल्याला पंढरपूरला विठोबाच्या पायावर डोकं टेकवायची सवय. तिकडे गाभाऱ्यात पुजाऱ्याशिवाय कोणी जात नाही. लांबून बघायचं, आत विजेचा दिवा नाही, तेलाच्या समया. मला नुसता काळोख दिसला. सासूबाई म्हणाल्या, डोळे मिटून हात जोडू नकोस, डोळे उघडे ठेव. आरतीचा कापूर वर गेला आणि क्षणभर चेहरा उजळला. तेवढंच दर्शन. त्याच्यासाठीच सगळी माणसं टाचा उंचावून उभी होती. आईंना हे आधी सांगून ठेवा, नाहीतर "मला देव दिसलाच नाही" असं वाटून परत याल. सवय म्हणून माटुंग्याला आस्तिक समाजाच्या देवळात एका संध्याकाळी घेऊन या, दीपाराधनेच्या, म्हणजे आरतीच्या वेळी.

काही गोष्टी भराभर सांगते. दुपारी साधारण साडेबारा ते चार गाभारे बंद, त्या वेळेत प्रवास किंवा झोप. अर्चनेची चिठ्ठी घेतलीत की नाव, गोत्र, नक्षत्र विचारतात. आईंचं नक्षत्र पत्रिकेत बघून ठेवा. विभूती उजव्या हातात घ्यायची, उरली तर कागदात बांधून आणायची, खांबाला पुसायची नाही. विष्णूच्या देवळात डोक्यावर सटारी ठेवतात, ती देवाची पावलं. आपलं पायावर डोकं टेकवणं तिकडे असं उलट्या बाजूने होतं, हे मला कळायला चार वर्षं लागली.

मदुराईत मोबाइल आत नेऊ देत नाहीत, हॉटेलवर ठेवून जा. आधी मीनाक्षी, मग सुंदरेश्वर, हा क्रम तिकडे कोणी चुकवत नाही. आणि रात्री नऊच्या आसपास पळ्ळियरै असते. सुंदरेश्वराच्या पादुका पालखीतून मीनाक्षीच्या शेजघरात आणतात. नादस्वरम, धूप, चवरी. एक रात्र आहे तर हे चुकवू नका, दुपारी झोप काढा आणि जा.

तारखांचं एक. जानेवारीच्या मध्यापर्यंत शबरीमलाला जाणारे अय्यप्पाचे भक्त मदुराई-रामेश्वरही करतात, मग पोंगल. तई या तमिळ महिन्यातल्या अमावास्येला रामेश्वरला पाय ठेवायला जागा नसते, ती जानेवारी-फेब्रुवारीत येते. कॅलेंडर बघून तिच्यापासून चार दिवस लांब राहा.

लालबागची लेक

दोघांचे खूप आभार. आईला सगळं वाचून दाखवलं. बाईच्या पत्त्याचं दोनदा वाचायला लावलं. काका, गडूचं लिहाल ना? तिला एक भीती आहे. पाणी पन्नास वर्षांचं आहे, पुजारी घेतील का?

जुळारी (मुलुंड)

लिहितो. आमच्याही घरात असाच गडू होता, माझ्या वडिलांच्या आईचा.

रामेश्वरला गंगाभिषेकासाठी देवस्थानची पावती घ्यावी लागते. देवळात शिरण्याआधी त्यांच्या खिडकीवर विचारा, बाहेरच्या कोणाकडून नाही. पाणी आपण वाहायचं नसतं. ते पुजाऱ्यांच्या हाती द्यायचं, ते आत नेऊन वाहतात, आपण उंबऱ्यापासून लांब उभं राहून बघायचं. तिथले पुजारी परंपरेने मूळच्या महाराष्ट्रातल्या ब्राह्मण घराण्यांतले, शृंगेरी मठाची दीक्षा घेतलेले. हे मला तिथे जाईपर्यंत माहीत नव्हतं. म्हणजे आजींचं पाणी शेवटी ज्याच्या हातात जाईल त्याचे पूर्वज आपल्याच मुलखातून गेलेले असतील. आईंना हे सांगा.

पाणी जुनं आहे म्हणून आमच्याकडे कोणी हरकत घेतली नाही. डाख आम्ही मुंबईत काढला नव्हता, तिथेच काढला. कथलाचा पातळ थर असतो, किल्लीच्या टोकाने कडेकडेने खरवडला की झाकण हलतं. घाई केलीत तर तांबं वाकतं. तेवढं काम रात्री खोलीवर करून ठेवा आणि झाकण पुन्हा घट्ट बसवा. रांगेत उभं राहून नको. माझे हात थरथरत होते, शेवटी बायकोने काढलं. आत पाणी निम्मंच राहिलं होतं. तरी होतं.

देवळातल्या बावीस कुंडांचं स्नान आईंना नको. प्रत्येक विहिरीवर बादल्या ओततात, फरशी बुळबुळीत झालेली असते आणि धडधाकट माणसं घसरताना मी पाहिली आहेत. शिवाय ओल्या कपड्यांनी दर्शनाला सोडत नाहीत, कपडे बदलायला पुन्हा चालावं लागतं. सकाळी अग्नितीर्थावर समुद्राचं पाणी पायावर आणि डोक्यावर घ्या, पुष्कळ झालं. एखाद्याला तुमच्यासाठी छोट्या बाटलीत कुंडांचं पाणी आणायला सांगता येतं.

आत दोन लिंगं आहेत. सीतामाईने वाळूचं केलं ते रामलिंग आणि मारुती कैलासाहून घेऊन आला ते विश्वलिंग. मारुतीला यायला उशीर झाला म्हणून तो खट्टू झाला, तेव्हा रामाने सांगितलं, आधी पूजा तुझ्या लिंगाची. अजून तसंच चालतं. उशिरा पोचलेल्याचा मान आधी! गडूला पन्नास वर्षं उशीर झाला याचं आईंना वाईट वाटत असेल तर ही गोष्ट तिथे, ओवरीत बसवून सांगा. ओवरी बसण्यासारखीच आहे, बाराशेवर खांब, एका टोकाला उभं राहिलं की दुसरं टोक अंधुक होतं. आणि गर्दीमुळे त्या दिवशी अभिषेक झालाच नाही तर दुसरा दिवस हाताशी आहे. दोन रात्री त्यासाठीच सांगितल्या.

रिकामा गडू तिथे टाकू नका. परतताना आम्ही त्यात सेतूची वाळू भरून आणली, जुन्या रिवाजाप्रमाणे ती गंगेत सोडायची. आमची अजून देवघरात आहे.

लालबागची लेक

काका, हे वाचताना आईच गडू मांडीवर घेऊन बसली होती. तारखा ठरल्या, फेब्रुवारीचा दुसरा आठवडा, अमावास्या बघून घेतली. तिचा एकच शेवटचा प्रश्न आहे. त्या लेखाच्या भिंतीपाशी तिला बसता येईल का? सगळं वाचायचं म्हणतेय.

जुळारी (मुलुंड)

ओवरीत सावली असते, दगडी कट्टाही आहे, पण गुडघ्यासाठी तो बुटका पडेल. घडीची छोटी खुर्ची न्या, दादरला मिळते. चष्मा लांबचा आणि जवळचा दोन्ही. सगळं एका दिवसात वाचून होणार नाही. तीन संध्याकाळी आहेत.