शब्दचर्चा: ‘हलका दांडा’ म्हणजे नेमका कशानं हलका?

दुधना:
गोल्फच्या आयर्न, म्हणजे धातूच्या पात्याच्या काठ्या मापानुसार बेतून घेतल्यावर कमी वजनाचे नवे शाफ्ट (मूठ आणि पातं यांच्यामधला भाग) कसे पारखायचे, याचा एक पानाचा मराठी नोंदतक्ता करायचा आहे. तो वापरणारी मंडळी जालना, परभणी, लातूरकडची आहेत. खेळ कळतो, शब्दांपाशी घोडं अडतं. शाफ्ट, होझल, फेरूल, फ्लेक्स, टॉर्क, किक पॉइंट, स्विंगवेट या शब्दांना काय म्हणावं? ‘लाइटवेट शाफ्ट’ला सध्या ‘हलका दांडा’ लिहिलंय. ते बरोबर वाटतं का?

मांजरा:
‘दांडा’ बरोबर आहे. आपल्याकडं प्रत्येक अवजाराच्या धरायच्या भागाला वेगळं नाव आहे. कुऱ्हाडीला तुंबा, कुदळीला नि फावड्याला दांडा, विळ्या-खुरप्याला मूठ, नांगराला रुमणं. ‘कुऱ्हाडीच्या तुंब्यानं मारहाण’ अशी बातमी आपल्या जिल्ह्यांत नेहमी छापून येते, म्हणजे शब्द अजून जिवंत आहे. पण तुंबा भरीव, जाड आणि आखूड. आयर्नचा शाफ्ट ही पोकळ नळी असते. मुठीकडं साधारण १५ मिमी जाड आणि पात्याकडं निमुळती होत ९ मिमीच्या आसपास. त्याला तुंबा म्हटलं तर डोळ्यांसमोर भलतंच काही येईल.

एके काळी गोल्फचे दांडेही लाकडीच होते, हिकरी नावाच्या झाडाचे. पोलादी दांड्याला आर अँड ए या नियम ठरवणाऱ्या संस्थेनं १९२९ मध्ये मान्यता दिली. त्यामुळं ‘दांडा’ हा शब्द ओढूनताणून आणलेला नाही. आपला सुतार धावड्याचं लाकूड ज्या कारणासाठी निवडतो, तेच कारण तिकडं हिकरीमागं होतं: चिवटपणा.

खालच्या भागाला ‘पातं’ म्हणा, वरच्याला ‘मूठ’. होझलला, म्हणजे पात्याच्या ज्या भोकात दांडा बसतो त्याला, मात्र ‘नेढं’ सुचेल, ते नीट तपासून घ्या. कुऱ्हाडीचं नेढं आरपार असतं, तुंबा वर निघतो आणि त्यात पाचर ठोकतात. होझल बहुधा तळाशी बंद असतो, दांडा त्यात इंच-सव्वा इंच उतरतो आणि चिकटद्रव्यानं धरला जातो. पाचर नसते. म्हणून मी ‘खोबण’ म्हणेन.

बिंदुसरा:
खोबणीचं पटलं. फेरूलला ‘शेंबी’ नका म्हणू. शेंबी टोकाला असते, पोळ्याला बैलाच्या शिंगांना घालतात तशी, नाहीतर काठीच्या बुडाला. ‘साम’ही नको. मुसळाची साम लाकूड फुटू नये म्हणून असते, तिच्यावर काम असतं. फेरूल म्हणजे खोबणीच्या तोंडाशी बसवलेलं प्लास्टिकचं कडं. तो जोड झाकतो, भार घेत नाही. हिकरीच्या काळात लाकडी डोक्याच्या काठ्यांना त्या जागी दोरा गुंडाळायचे. ‘कडं’ एवढंच लिहा. कडं वर सरकलेलं दिसलं तर जोड सैल झालाय की काय ते बघावं, ही ओळ मात्र तक्त्यात घ्याच.

कयाधू:
दुधनाताई, खरा घोळ तुमच्या ‘हलका’ या शब्दात आहे. दांड्याला काय म्हणायचं हा त्यामानानं सोपा प्रश्न.

मराठीत ‘हलका’ला निदान तीन अर्थ चिकटलेत. एक, वजनानं कमी. दोन, हाताला हलका, म्हणजे फिरवताना भार जाणवत नाही असा. तीन, कमी प्रतीचा, ‘हलक्या मालाचा’. तिसऱ्या अर्थानं ग्राहक बिचकतो. पण नुकसान होतं ते पहिल्या दोन अर्थांची गल्लत झाल्यानं.

आकड्यांत सांगतो. ट्रू टेंपरचा डायनॅमिक गोल्ड एस ३०० हा जुना, वजनदार पोलादी दांडा, न कापलेला असताना साधारण १३० ग्रॅम. निप्पॉन कंपनीचा एन. एस. प्रो ९५० जीएच पोलादीच, पण ९५ ते ९८ ग्रॅम. ग्रॅफाइटचे त्याच्याही खाली, ५० ते ८० ग्रॅममध्ये भरपूर मिळतात. आता सात नंबरच्या आयर्नचं पातं धरा २७० ग्रॅम, मूठ ५० ग्रॅम. दांड्यातले ३५ ग्रॅम गेले म्हणजे काठीचं एकूण वजन तेवढं उतरलं. ही झाली तराजूवरची गोष्ट.

दुसरी गोष्ट स्विंगवेटची. ते वजन नव्हे. काठी मुठीच्या टोकापासून १४ इंचांवर टेकवली तर पातं किती जोरात खाली ओढतं, त्याचं ते माप. अक्षर आणि आकडा मिळून ते लिहितात: सी ९, मग डी ०, डी १, डी २ असं चढत जातं. पुरुषांच्या आयर्न बहुधा डी ० ते डी २ मध्ये बांधतात. याला आपल्याकडं बैलगाडीची भाषा तयार आहे. माल तेवढाच, पण पुढं भरला तर बैलांच्या मानेवर दाब येतो, मागं भरला तर गाडी उलाळ होते. वजन नाही बदललं, तोल बदलला. म्हणून स्विंगवेटला ‘तोल’ म्हणा, आणि तो पात्याकडं किती, मुठीकडं किती ते सांगायला ‘दाब’ नि ‘उलाळ’ वापरा.

दांडा ९-१० ग्रॅमनं हलका केला की तोल साधारण एक घर खाली येतो, म्हणजे डी २ चा डी १ होतो. ३५ ग्रॅम काढले तर जवळपास चार घरं. डी २ ची काठी सी ८ वर येते. ती हातात उलाळ लागते, पातं कुठं आहे ते कळत नाही, हात घाई करतात आणि चेंडू पात्याच्या मधे लागत नाही. मग लोक म्हणायलेत, ‘हलका दांडा बेकार.’ दांडा बेकार नसतो. तोल परत आणलेला नसतो.

दुधना:
मग तोल परत आणायचा कसा? ‘वजन वाढवा’ असं लिहिलं तर हलका दांडा घेतला कशाला, असं विचारतील.

कयाधू:
पात्याकडचे २ ग्रॅम म्हणजे एक घर. म्हणजे चार घरांना ८ ग्रॅम. ३५ काढून ८ घातले तरी काठी २७ ग्रॅमनं हलकीच राहिली, हे तक्त्यात सरळ वजाबाकी मांडून दाखवा, कुणी विचारणार नाही.

ते ८ ग्रॅम कुठं घालायचे हे मात्र महत्त्वाचं. सगळे खोबणीत, दांड्याच्या टोकात कोंबले तर पात्याचा भारबिंदू टाचेकडं, म्हणजे दांड्याच्या बाजूला सरकतो. शक्य तेवढे पात्याच्या पाठीमागं, मधोमध, शिशाच्या पट्टीनं लावा. दुसरा मार्ग मुठीचा. मूठ ४-५ ग्रॅमनं हलकी घेतली की तोल एक घर पात्याकडं जातो आणि एकूण वजन उलट कमीच होतं. तिसरा, लांबी. अर्धा इंच वाढवला की तीन घरं. पण बेतताना जी लांबी ठरली ती तोलासाठी मोडणं मला पटत नाही. उंची-हात मोजून काढलेलं माप आहे ते.

गोदाकाठ:
फ्लेक्स, टॉर्क आणि किक पॉइंटबद्दल.

फ्लेक्सला ‘वाक’ नको. वाकलं म्हणजे आपल्याकडं ते तसंच राहिलं: सळई वाकली, खिळा वाकला. पोलादी दांडा वाकला तर तो फेकायचा. जो झुकून पुन्हा सरळ होतो तो लवतो. म्हणून फ्लेक्स म्हणजे ‘लव’, आणि विशेषण ‘लवता’ किंवा ‘ताठ’. दांड्यावरची आर (लवता), एस (ताठ), एक्स (आणखी ताठ) ही अक्षरं तशीच ठेवा, पण शेजारी एक इशारा द्या: या अक्षरांना सगळ्या कंपन्यांत मिळून एकच माप नाही. एकाचा ‘एस’ दुसऱ्याच्या ‘आर’इतका लवता निघू शकतो. जुन्या १३० ग्रॅमच्या एसवरून ९५ ग्रॅमच्या एसवर आलात म्हणजे ताठपणा तोच राहिला, असं धरू नका.

टॉर्कला ‘पीळ’ सुचतो आणि तो जवळचा आहे, पण एक फरक आहे. दोरीचा पीळ घातलेला असतो आणि टिकतो, सुंभ जळला तरी जात नाही म्हणतात तो. दांड्याचा पीळ क्षणभराचा. चेंडू पात्याच्या टोकाकडं लागला की दांडा आपल्याच अंगाभोवती किंचित पिरगळतो आणि उलगडतो. म्हणून ‘पीळ खाणे’ असं क्रियापद करून वापरा. ‘हा दांडा पीळ जास्त खातो’ म्हटलं की लगेच कळतं. पोलादी कमी खातो, ग्रॅफाइटमध्ये विणीनुसार कमी-जास्त. हिकरी तर भलताच पीळ खायची.

किक पॉइंटसाठी ज्वारीचं ताट बघा. वारा आला की ते सगळीकडं सारखं लवत नाही, वर कणसाजवळ जिथं बारीक झालंय तिथं जास्त लवतं. दांड्याचंही तसंच: लव पात्याजवळ असेल तर चेंडू जरा उंच सुटतो, मुठीकडं असेल तर जरा खाली. ‘लवण’ शब्द घेऊ नका, आपल्याकडं लवण म्हणजे रानातला सखल भाग. ‘लवीची जागा’ असं दोन शब्दांत लिहा. लांब आहे, पण चुकत नाही.

तेरणा:
शब्द जमले. आता ‘टेस्टिंग’ला ‘चाचणी’ की ‘पारख’, यावर माझं मत ‘पारख’. चाचणी पास-नापास सांगते. इथं दोन काठ्या शेजारी ठेवून फरक ओळखायचा असतो. त्या पारखीचा क्रम तक्त्यात असा घ्या.

आधी काठ्या खरंच तुलनेच्या आहेत का ते बघा. दोन्ही सात नंबर, लांबी सारखी, मुठीची जाडी सारखी, पात्याचा कोन मोजून सारखा. इथं सगळ्यात जास्त फसगत होते. नव्या संचाचं सात नंबरचं पातं जुन्यापेक्षा दोन-तीन अंशांनी उभं असतं, चेंडू लांब जातो आणि श्रेय दांड्याला मिळतं.

चेंडू एकाच प्रकारचे, नवे. सरावाच्या झिजलेल्या चेंडूंवर अंतर आणि फिरकी दोन्ही खोटी येतात. पात्यावर खडूची भुकटी किंवा पावडर मारा म्हणजे प्रत्येक फटका कुठं लागला ते उमटतं. मग पाच फटके जुन्या दांड्यानं, पाच नव्यानं, पुन्हा पाच-पाच, असे तीन फेरे. एका दमात पंधरा-पंधरा मारू नका, कारण दुसऱ्या काठीच्या वाट्याला थकलेले हात येतात. मात्र चौथा फेरा मुद्दाम शेवटी, थकल्यावर घ्या. कमी वजनाच्या दांड्याचा खरा फायदा बहुतेकांना तिथंच दिसतो.

चेंडूचं उड्डाण मोजणाऱ्या यंत्रावरून नोंदायचे आकडे: हवेतलं अंतर, उजवा-डावा फैलाव, उलटी फिरकी, उतरायचा कोन. सर्वांत लांब गेलेला एक फटका लिहून ठेवायचा मोह टाळा. दहा यार्ड जास्त आणि फैलाव दुप्पट, हा तोटा आहे. उतरायचा कोन ४५ अंशांच्या आसपास असला की चेंडू हिरवळीवर थांबतो. फारच चपटा उतरत असेल तर दांडा जास्त ताठ आहे का ते बघा.

पात्याच्या तळाला चिकटपट्टी लावून फळीवर दोन-तीन फटके मारा. खूण टाचेकडं आली तर काठी जास्त उभी, टोकाकडं आली तर जास्त आडवी. बेतताना हे एकदा झालेलं असतं, पण दांडा बदलला की खाली येताना त्याची लव बदलते, म्हणून पुन्हा बघायचं.

आणि सरावाच्या चटईवरच्या आकड्यांवर सगळा भरवसा नको. चेंडूच्या मागं पातं टेकलं तरी चटई ते पुढं सरकवते, चूक झाकली जाते. निदान एक फेरा गवतावर करा. आपली काळी जमीन मार्चनंतर दगडासारखी होते, त्यावर पोलादी दांड्याचा हिसका थेट मनगटात येतो, हाताला झिणझिण्या येतात. ग्रॅफाइट तो हिसका बराच गिळतो. कोपर-मनगट दुखणाऱ्यांसाठी ‘झिणझिण्या: आल्या / नाही’ असा रकाना ठेवा. यंत्र तो आकडा देत नाही.

बिंदुसरा:
दांडा बसवण्याबद्दल थोडं, कारण पारखीत दोष निघाला तर तो पुष्कळदा इथला असतो.

आयर्नच्या दांड्यांची टोकं दोन मापांची: ०.३५५ इंच निमुळतं आणि ०.३७० इंच समांतर. फरक जेमतेम ०.४ मिमी, डोळ्याला दिसत नाही. जाड टोक बारीक खोबणीत जात नाही. बारीक टोक मोठ्या खोबणीत सैल बसतं, मग लोक चिकटद्रव्य जास्त भरतात, दांडा तिरका जमतो आणि पुढं कटकट आवाज येतो. मागवण्याआधी व्हर्निअरनं मोजा. समांतर टोकाचा दांडा पात्याकडून कापून ताठ करता येतो, निमुळता फक्त मुठीकडून कापायचा.

पोलादी टोकावरचं चकचकीत क्रोम घासून पूर्ण काढलं नाही तर जोड धरत नाही, पातं उडतं. ग्रॅफाइटवर फक्त रंग खरवडायचा, तंतू नाही. जुना ग्रॅफाइट काढताना बेताचा गरम करून सरळ ओढायचा, पिरगळायचा नाही.

चिकटद्रव्याला २४ तास द्या. उन्हाळ्यात, पारा ४० च्या पुढं असताना, कालवलेलं मिश्रण भराभर घट्ट होतं, म्हणून एका वेळी दोन-तीन काठ्यांपुरतंच कालवा. तयार काठ्या मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवू नका, जोड नि मुठीखालची पट्टी दोन्ही सैल पडतात. सैल कुऱ्हाड रात्रभर पाण्यात ठेवली की लाकूड फुगून घट्ट बसते. तो उपाय इथं लागू नाही, हेही लिहा, कारण कुणीतरी करेल.

दुधना:
सगळ्यांचं घेऊन एक ओळ भरून बघितली:

‘७ नंबर. दांडा: पोलादी, कमी वजनाचा, ९५ ग्रॅम. लव: आर. लवीची जागा: मधली. तोल: सी ८, उलाळ, पाठीमागं ८ ग्रॅम शिसं लावल्यावर डी २. कडं: जागेवर. झिणझिण्या: नाही.’

‘हलका’ शब्द मुद्दाम कुठंच ठेवला नाही.

कयाधू:
उत्तम. फक्त ‘९५ ग्रॅम’पुढं ‘न कापलेला’ असं लिहा. कापल्यावर काट्यावर तो कमीच भरेल आणि कुणीतरी दुकानदाराशी भांडायला जाईल.